दोन भागांमधला काळ : जोकरचा पत्ता आणि तीन वर्षांचे तर्क

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गात वाक्यविचार शिकवीत होतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यार्थाचा बोध होण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते शब्द ओळीने उच्चारले, तर त्यांचे वाक्य होत नाही. योग्यता म्हणजे अर्थांचा परस्परांशी विरोध नसणे. 'विस्तवाने शिंपावे' हे व्याकरणदृष्ट्या बिनचूक असले, तरी अर्थ लागत नाही, कारण शिंपण्याची योग्यता विस्तवात नाही. आणि सन्निधी म्हणजे पदे विलंब न लावता एकामागून एक उच्चारणे. 'गाय' आत्ता म्हटले आणि 'आण' प्रहरभराने, तर ऐकणाऱ्याने काय करायचे?

तास संपला आणि मागच्या बाकांवरची मुले त्यांच्या नेहमीच्या विषयाकडे वळली. 'द बॅटमॅन' (२०२२) या चित्रपटाचा पुढचा भाग हा तो विषय. त्याची घोषणा २०२२ मध्येच झाली. मग प्रदर्शनाची तारीख २०२५ वरून २०२६ वर आणि तिथून २०२७ वर गेली. पहिल्या भागाच्या अखेरीस तुरुंगाच्या कोठडीतून एक हसणारा माणूस ओझरता दिसतो. तो जोकर, हे सांगायला लागत नाही. पण पुढच्या भागात त्याला कितपत स्थान असेल, यावर त्या मुलांमध्ये जो वाद चालला होता, तो ऐकण्यासारखा होता. एकाचे म्हणणे असे, की जोकर आणि बॅटमॅन यांच्या भेटीचे दृश्य दिग्दर्शकाने चित्रपटातून वगळले आणि नंतर स्वतःच प्रसिद्ध केले. त्याअर्थी पुढे त्याची गरज असणार. दुसऱ्याने नेमक्या त्याच पुराव्यावरून उलट निष्कर्ष काढला : जे हातचे राखून ठेवायचे असते, ते कोणी असे वाटून टाकत नाही. पाठचिकित्सेच्या तासाला ही मुले इतकी जागी नसतात, याची खंत वाटली. पण त्याचबरोबर हेही जाणवले, की थोड्या वेळापूर्वी मी जे शिकवीत होतो, त्याचेच हे उदाहरण आहे. अर्धे वाक्य उच्चारले गेले आहे आणि ऐकणारे उरलेल्या पदांची वाट पाहत आहेत.

प्रस्तुत लेखात अशाच एका प्रतीक्षेचा इतिहास मांडावयाचा आहे. काळ जून २००५ ते जुलै २००८, म्हणजे 'बॅटमॅन बिगिन्स' आणि 'द डार्क नाइट' या ख्रिस्तोफर नोलान दिग्दर्शित दोन चित्रपटांमधील तीन वर्षे. या इतिहासाचा मी थोडासा साक्षीदार आहे आणि, पुढे कबूल करणार आहे त्याप्रमाणे, थोडासा अपराधीही.

पूर्वपीठिका

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेविषयी तर्क करणारा वाचक चित्रपटाहून पुष्कळ जुना आहे. डिकन्सची 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' १८४०-४१ मध्ये भागशः प्रसिद्ध होत होती, तेव्हा लहानग्या नेलला मारू नये, अशी विनवणी करणारी पत्रे वाचकांनी त्याला पाठविली होती. त्याची शेवटची कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' १८७० मध्ये त्याच्या मृत्यूमुळे निम्म्यावरच राहिली. योजलेल्या बारा भागांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. खून झाला की नाही, झाला असल्यास कोणी केला, हा तर्क पुढे इतकी वर्षे चालला, की १९१४ मध्ये लंडनमध्ये जॉन जास्पर या पात्रावर अभिरूप खटलाच चालविण्यात आला. न्यायाधीश होते चेस्टरटन आणि पंचांचे प्रमुख बर्नार्ड शॉ. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. यमूचे पुढे काय होणार, हा प्रश्न तेव्हाच्या घराघरांतून आठवडाभर रेंगाळला असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही. क्रमशः वाचलेली कादंबरी सलग वाचलेल्या कादंबरीपेक्षा वाचकाला अधिक सजीव वाटते, असे वाचक-प्रतिसादाच्या सिद्धांताचा प्रवर्तक वोल्फगांग ईझर याने नोंदविले आहे. दोन भागांमधल्या रिकाम्या जागेत वाचक स्वतः काम करू लागतो, हे त्याचे कारण.

अमेरिकन चित्रकथांच्या व्यवसायाने ही रिकामी जागा फार लवकर ओळखली. बॅटमॅन १९३९ मध्ये अवतरला आणि जोकर १९४० मध्ये. पहिल्याच अंकात जोकरला मारून टाकावयाचे ठरले होते, पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटची चौकट बदलून घेतली आणि तो वाचला. ज्याच्याविषयी पुढे इतके तर्क व्हायचे होते, ते पात्र एका चौकटीच्या फरकाने जिवंत राहिले! १९६० च्या सुमारास संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांच्या पत्रांबरोबर त्यांचे पूर्ण पत्तेही छापू लागले. परिणामी, वाचक संपादकाला लिहीत होते ते एकमेकांना लिहू लागले. चाहत्यांच्या हस्तपत्रिका, त्यांची संमेलने, त्यांचे वाद हे सारे या पत्त्यांतून फोफावले.

या वाचकाला अधिकार किती द्यावा, याचा एक विलक्षण प्रयोग १९८८ मध्ये झाला. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन म्हणून तेव्हा जेसन टॉड हा मुलगा होता आणि तो पुष्कळ वाचकांना आवडत नव्हता. एका अंकाच्या अखेरीस जोकरने घडविलेल्या स्फोटात तो सापडतो. त्याच अंकात दोन दूरध्वनी क्रमांक दिले होते : एक तो जगावा असे वाटणाऱ्यांसाठी, दुसरा तो मरावा असे वाटणाऱ्यांसाठी. प्रत्येक फोनला ५० सेंट खर्च. दोन्ही शेवट चितारून ठेवलेले होते. निकाल लागला तो असा : मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एक मुलगा मेला. कोणीतरी संगणक लावून एकाच क्रमांकावर पुनःपुन्हा फोन केले, अशी वदंता आपल्या कानी आल्याचे संपादक डेनिस ओनील यांनी पुढे सांगितले. मुलगा कागदावरचा होता हे खरे. परंतु आपल्या इच्छेने कथा वळू शकते, ही जाणीव वाचकांना तेव्हा झाली आणि ती पुन्हा गेली नाही.

त्याच वर्षी टिम बर्टनच्या 'बॅटमॅन'साठी मायकेल कीटनची निवड जाहीर झाली. कीटन हा विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध, अंगाने बेताचा. वॉर्नर ब्रदर्सकडे ५०,००० च्या घरात निषेधपत्रे गेली, असे सांगितले जाते, आणि ही बातमी 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या पहिल्या पानापर्यंत पोहोचली. कंपनीने घाईघाईने एक झलक तयार करून चित्रपटगृहांत लावली. ती पाहण्यापुरते तिकीट काढून लोक आत जात आणि झलक संपताच उठून येत, अशा हकीकती तेव्हा प्रसिद्ध झाल्या. जून १९८९ मध्ये चित्रपट आला, प्रचंड चालला आणि पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कीटनला आपलेसे केले. या घटनेतून चित्रपटव्यवसाय एक धडा शिकला. चाहत्यांचा राग हीसुद्धा एक प्रकारची उत्सुकता असते आणि ती नीट हाताळली तर विकता येते. चाहते मात्र यातून काही शिकले नाहीत, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

आकांक्षा

१९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'ने ही मालिका हास्यास्पद करून ठेवली आणि आठ वर्षे बॅटमॅनचा नवा चित्रपट निघाला नाही. जून २००५ मध्ये 'बॅटमॅन बिगिन्स' आला. शेवटच्या दृश्यात लेफ्टनंट गॉर्डन इमारतीच्या गच्चीवर बॅटमॅनला भेटतो, शहरात एक नवा गुन्हेगार आल्याचे सांगतो आणि पुराव्याच्या पिशवीतला एक पत्ता त्याच्या हाती देतो. बॅटमॅन तो उलटा करतो. पत्ता जोकरचा असतो. चित्रपट संपतो.

आम्ही तो पुण्यात पाहिला. मी नुकताच एम. ए. होऊन एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. त्या पत्त्यावर चित्रपटगृहात ज्या शिट्ट्या वाजल्या, त्या अजून आठवतात. पहिला भाग करताना दुसरा भाग आपणच करू असे ठरविले नव्हते, असे नोलान यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे निर्मात्याच्या मनात वाक्य कदाचित पूर्ण झाले होते. प्रेक्षकाच्या मनात मात्र ते त्या पत्त्याने अपुरे करून टाकले. आकांक्षा ही शब्दांत असते की ऐकणाऱ्यात, हा शास्त्रकारांमधला जुना वाद आहे. त्या रात्रीपुरता तरी माझा कौल ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे.

मग तर्क सुरू झाले. त्यांचे स्वरूप पाहिले, तर ते वाङ्मयाच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. सर्वप्रथम आधारग्रंथांचा शोध. फ्रँक मिलर यांची १९८६ ची चित्रकथा, ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांची १९८८ ची 'द किलिंग जोक', जेफ लोब आणि टिम सेल यांची १९९६-९७ मधील 'द लाँग हॅलोविन' : यांपैकी कोणती कथा उचलली जाणार? 'लाँग हॅलोविन'मध्ये बॅटमॅन, गॉर्डन आणि सरकारी वकील हार्वे डेंट हे तिघे गुन्हेगारीविरुद्ध शपथ घेतात आणि पुढे डेंटचा अर्धा चेहरा जळून तो 'टू-फेस' होतो. त्यामुळे डेंट येणार हे गृहीत धरले गेले. प्रश्न एवढाच उरला, की त्याचा चेहरा याच भागात जळणार की तिसऱ्यात? पटकथालेखक डेव्हिड गॉयर यांनी आपल्या जुन्या आराखड्यात डेंटचे विद्रूप होणे तिसऱ्या भागासाठी राखल्याचे सांगितले होते. त्या आधारावर चाहत्यांच्या एका मोठ्या पंथाने डेंटला २०११-१२ पर्यंतचे आयुष्य बहाल करून टाकले.

दुसरा वाद जोकरच्या रंगाचा. मूळ चित्रकथेत तो रसायनाच्या हौदात पडतो आणि त्याची त्वचा कायमची पांढरी होते. नोलानच्या वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या जगात हे कसे खपणार? तेव्हा तो चेहऱ्याला रंग लावणारा माणूस असेल, असे एक मत. रंग पुसता येत असेल तर तो जोकरच नव्हे, असे दुसरे. या प्रश्नावर झालेले लेखन एकत्र केले, तर एखाद्या प्रबंधाचे सहज दोन खंड होतील. बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल. पण चेहऱ्यावरचे दुष्टपण पुसता येते की ते मुळातलेच असते, असा तो प्रश्न आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील तळमळ कळू शकते.

योग्यता

३१ जुलै २००६ रोजी जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर याची निवड अधिकृतपणे जाहीर झाली. तोवर ॲड्रियन ब्रॉडी, पॉल बेटनी, रॉबिन विल्यम्स अशी अनेक नावे चर्चेत होती, आणि ॲनिमेशन मालिकेत जोकरला आवाज देणाऱ्या मार्क हॅमिलचा आग्रह धरणारेही होते. लेजरचे नाव फारसे कोणी घेतले नव्हते. हा ऑस्ट्रेलियन तरुण 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (१९९९) आणि 'अ नाइट्स टेल' (२००१) या चित्रपटांमुळे देखणा, गोड नायक म्हणून ठाऊक होता. आणि २००५ च्या 'ब्रोकबॅक माउंटन'मध्ये त्याने दोन पुरुषांच्या प्रेमातील एकाची भूमिका केली होती. त्या भूमिकेसाठी त्याला प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले होते. पण चाहत्यांच्या चेष्टेचा विषय नेमकी तीच भूमिका झाली. जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे इथे उद्धृत करण्याच्या लायकीचे नाही.

आता कबुली. मीही त्या वेळी अमेरिकेतील एका मित्राला लांबलचक ई-पत्र लिहून ही निवड कशी चुकीची आहे, ते सिद्ध केले होते. माझी भाषा सभ्य होती, एवढेच. युक्तिवाद तोच : या माणसाच्या चेहऱ्यात जोकर नाही. मी 'ब्रोकबॅक माउंटन' तेव्हा पाहिलेलाही नव्हता. मित्राने दोन ओळींचे उत्तर पाठविले, की तो चित्रपट आधी पाहा आणि मग लिही. मी पाहिला नाही.

'योग्यता' या शब्दाचा मराठीत झालेला अर्थविस्तार इथे बोलका आहे. शास्त्रात ती दोन अर्थांमधली असते. आपण मात्र ती माणसाची मोजतो. विस्तवाने शिंपता येत नाही, हे अनुभवाने सिद्ध आहे. पण अमुक नट तमुक भूमिका करू शकत नाही, हे कोणत्या अनुभवाने सिद्ध होते? त्याने ती केलेली नसते, एवढ्याच अनुभवाने. कवीची आणि नटाची प्रतिभा ही विस्तवाने शिंपण्याचीच कला असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कळायला हवे होते, कारण रूपकाची सारी उभारणी शब्दार्थाची योग्यता मोडण्यावर होते आणि ती मोडली म्हणूनच लक्षणेला वाव मिळतो.

सन्निधी

तीन वर्षे हा मोठा विलंब आहे. 'गाय' आणि 'आण' यांच्यामध्ये इतके अंतर पडले, तर वाक्य मरते. ते मरू नये म्हणून कंपनीने जे केले, ते प्रसिद्धीच्या इतिहासात अपूर्व मानले जाते.

मे २००७ मध्ये हार्वे डेंटच्या निवडणूक प्रचाराचे एक चित्र महाजालावर आले. चित्रपटाचे नाव नाही, काही नाही. फक्त उमेदवाराचा हसरा चेहरा आणि आपला त्याच्यावर विश्वास असल्याची घोषणा. काही दिवसांत त्याच चित्राची विटंबना केलेली दुसरी आवृत्ती निघाली. तिथे आपला ई-पत्ता नोंदविणाऱ्या प्रत्येक माणसागणिक वरच्या चित्राचा एक ठिपका गळून पडे आणि खालचे दुसरे चित्र उघडे होई. हजारो लोक लागले. एका दिवसाच्या आतच वरचे चित्र पूर्ण नाहीसे झाले आणि खाली दिसला हीथ लेजरचा जोकर. पांढरा रंग थापलेला, डोळे काळे, आणि ओठांच्या दोन्ही टोकांपासून गालांवर गेलेले जखमांचे व्रण. थोड्या वेळाने तेही चित्र नाहीसे झाले. त्या जागी उरले काळे पान आणि त्यात दडविलेल्या हास्याच्या अक्षरांमधून वाचता येणारा डिसेंबरात भेटण्याचा वायदा.

मी ते चित्र एका सायबर कॅफेत पाहिले आणि काही वेळ गप्प बसून राहिलो. आपण लिहिलेले पत्र परत घेता येत नाही, याची जाणीव तेव्हा प्रथम झाली. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचे मतपरिवर्तन त्या एका चित्राने झाले. रंगाचा वाद सुटला, आणि लगेच व्रणांचा सुरू झाला : हे कोणी केले? बापाने? टोळीने? की त्याने स्वतःच?

पुढचे वर्षभर '४२ एंटरटेनमेंट' या संस्थेने हा खेळ रंगविला. जुलै २००७ मध्ये सॅन दिएगोच्या संमेलनात जोकरसारख्या रंगविलेल्या डॉलरच्या नोटा वाटल्या गेल्या आणि आकाशात विमानाने दूरध्वनी क्रमांक लिहिला. डिसेंबरात अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांतील केकच्या दुकानांचे पत्ते दिले गेले. जो आधी पोहोचेल त्याला एक केक मिळे, आणि केकच्या पोटात वाजणारा मोबाइल. ७५ देशांतील १ कोटीहून अधिक लोक या खेळात सहभागी झाले, असा संस्थेचा दावा आहे. आम्ही भारतातले लोक बव्हंशी बघेच होतो. पण बघेही वाटच पाहत होते. ठरल्याप्रमाणे डिसेंबर २००७ मध्ये चित्रपटाचा आरंभीचा बँक-दरोड्याचा प्रसंग निवडक मोठ्या पडद्यांवर दाखविला गेला.

या खेळाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. ज्या तर्कांना पूर्वी वाचकांच्या पत्रांतून वाट मिळे, त्यांना आता निर्मात्यानेच आखून दिलेले मार्ग मिळाले. चाहत्यांना वाटत होते की आपण गुपित फोडतो आहोत. प्रत्यक्षात ते गुपित त्यांच्याच हातून, ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत फोडून घेतले जात होते. हा आक्षेप मी वर्गातही मांडतो. पण केक घेऊन रस्त्याने धावणाऱ्या त्या माणसाचा आनंद खोटा होता, असे मात्र म्हणवत नाही.

जे कथेत नव्हते

२२ जानेवारी २००८ रोजी हीथ लेजर न्यूयॉर्कमधील आपल्या घरी मृतावस्थेत आढळला. वय २८. चित्रीकरण आदल्या नोव्हेंबरातच पूर्ण झाले होते. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी फेब्रुवारीत निर्वाळा दिला : डॉक्टरांनी लिहून देण्याजोग्या अनेक औषधांच्या एकत्रित परिणामाने ओढवलेला अपघाती मृत्यू.

जोकरभोवती रचलेला खेळ थंडावला आणि प्रसिद्धीचा भर डेंटच्या निवडणुकीकडे वळविला गेला. चाहत्यांमध्ये आरंभी शोक होता, आणि दीड वर्षापूर्वी लिहिलेल्या मजकुराची शरमही. पण तर्काची सवय थांबली नाही. फक्त तिचा विषय बदलला. जोकरच्या भूमिकेनेच लेजरचा बळी घेतला, अशी कथा पाहता पाहता तयार झाली. भूमिकेच्या तयारीसाठी तो एका हॉटेलच्या खोलीत एकटा राहिला, त्याने जोकरची वही लिहिली, त्याला झोप येत नसे. हे सारे सुटे तपशील एका सूत्रात ओवले गेले. दोन वर्षे ज्यांनी प्रत्येक ठिपक्यातून अर्थ काढला होता, त्यांना आता एका माणसाच्या मृत्यूतूनही अर्थ काढल्यावाचून राहवेना.

मला या संपूर्ण इतिहासातील कळीची जागा ही वाटते. कथेविषयी तर्क करताना आपण एक गृहीत धरून चालतो : इथे काहीही उगाच नाही. पुराव्याच्या पिशवीतला पत्ता कोणीतरी हेतुपूर्वक ठेवला आहे. हे गृहीत कथेपुरते बरोबर आहे, कारण कथेला कर्ता असतो. आयुष्याला तसा कर्ता मानून माणसांच्या मरणाचे दुवे जुळवू लागलो, की तीच बुद्धी क्रूर होते. लेजर मृत्यूच्या वेळी टेरी गिलियमच्या वेगळ्याच चित्रपटात काम करीत होता. त्याची बहीण केट हिने २०१७ मध्ये, त्याच्यावरील माहितीपटाच्या निमित्ताने, जाहीरपणे सांगितले की जोकर साकारताना तो आनंदात होता, ती भूमिका करताना त्याला मजा येत होती. बहिणीच्या साक्षीपेक्षा दंतकथा अधिक जोरकस ठरली आहे. आजही माझे विद्यार्थी ती कथा मला नव्याने सांगतात, आणि ती सांगताना त्यांच्या आवाजात एक विशिष्ट आदर असतो. त्या आदराचीच भीती वाटते.

वाक्य पूर्ण झाले तेव्हा

१८ जुलै २००८ रोजी 'द डार्क नाइट' प्रदर्शित झाला. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५.८ कोटी डॉलर जमा झाले. तो तेव्हाचा विक्रम होता. पुढे जगभरातील एकूण उत्पन्न १०० कोटी डॉलरच्या वर गेले. चाहत्यांच्या तर्कांचे काय झाले? डेंटचा चेहरा याच भागात जळाला आणि याच भागाच्या अखेरीस तो मेलाही. त्याला तिसऱ्या भागापर्यंत जगविणारा पंथ एका रात्रीत निराधार झाला. रंगाविषयी दुसरा पक्ष हरला. जोकर चेहऱ्याला रंगच लावतो.

आणि व्रणांचे उत्तर? जोकर ते एकदा सांगतो : दारुड्या बापाची गोष्ट. पुढे दुसऱ्या एका प्रसंगी पुन्हा सांगतो : बायकोची गोष्ट. दोन्ही गोष्टी तितक्याच तन्मयतेने सांगितलेल्या आणि एकमेकींशी पूर्ण विसंगत. तिसऱ्यांदा सांगू पाहतो, तेव्हा बॅटमॅन त्याला बोलू देत नाही. म्हणजे वर्षभर चाललेल्या त्या तर्काला चित्रपटाने उत्तर देण्याचे नाकारले. जी माणसे प्रत्येक गोष्टीचे कारण शोधत होती, त्यांच्यासमोर कारण नसलेला माणूस उभा केला. आम्ही पुन्हा पुण्यातच, त्याच मित्रांबरोबर तो पाहिला. यावेळी शिट्ट्या पहिल्या काही मिनिटांतच थांबल्या.

२२ फेब्रुवारी २००९ रोजी लेजरला सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. वडील, आई आणि बहीण यांनी ते स्वीकारले. अभिनयासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळण्याची ही दुसरीच वेळ. पहिले पीटर फिंच यांना 'नेटवर्क'साठी १९७७ मध्ये मिळाले होते.

एवढे झाल्यावर चाहते पुढच्या वेळी सावध झाले असतील, असे वाटेल. तसे झाले नाही. तिसऱ्या भागाच्या वेळी, जुलै २०१२ मध्ये, चित्रपट न पाहिलेल्या चाहत्यांनी प्रतिकूल परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकांना अशा धमक्या दिल्या, की 'रॉटन टोमॅटोज'ला त्या चित्रपटाच्या परीक्षणांवरील प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. २०१३ मध्ये बेन ॲफ्लेकच्या निवडीविरुद्ध आणि २०१९ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सनच्या निवडीविरुद्ध सह्यांची निवेदने निघाली. त्या पॅटिन्सनचा बॅटमॅन आज माझ्या विद्यार्थ्यांना इतका प्रिय आहे, की तीन वेळा पुढे गेल्यासारखी वाटणारी त्याची तारीख ते परीक्षेच्या वेळापत्रकाहून अधिक काटेकोरपणे लक्षात ठेवतात.

त्या दिवशी वर्गातून निघताना त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, "सर, तुम्हाला काय वाटतं? जोकर असेल का पुढच्या भागात?" मला काही वाटत होते, वगळलेल्या दृश्याविषयीचा पहिल्या मुलाचा तर्क मला अधिक पटला होता, आणि तसे मी सांगितलेही. मग त्याने नव्या नटांविषयी विचारले : अमुक एकाचे नाव ऐकू येते आहे, त्याला ती भूमिका झेपेल का? तेव्हा मी त्या मुलांना २००६ च्या माझ्या पत्राची हकीकत सांगितली. सगळे हसले. "मग तुम्ही ब्रोकबॅक पाहिलात की नाही?" एका मुलीने विचारले.

पाहिला होता, फेब्रुवारी २००८ मध्ये, एकट्याने. मित्राला उत्तर लिहिले ते त्यानंतर. चित्रपटाविषयी त्यात दोनच ओळी होत्या. बाकीचे पत्र क्षमा मागणारे होते, आणि ज्याची क्षमा मागायची होती, त्याच्या पत्त्यावर ते जाण्यासारखे नव्हते.